कान्होबाचे कागद

सांगलीच्या हळदबाजारात भागीदाऱ्या ओळखीवर होतात आणि मोडतात त्या माझ्यासारखीच्या टेबलावर. वडील गणपती पेठेत अडत दुकानात दिवाणजी होते. मी बी.कॉम. होऊन करसल्लागार झाले आणि त्यांच्याच ओळखीच्या दुकानांच्या वह्या माझ्याकडे आल्या. नफ्याची वाटणी करून घ्यायला माणसं पेढे घेऊन येत. तोट्याची वाटणी असली की आधी फोन येई, “ताई, दुपारी कुणी नसेल तेव्हा येऊ का?”

तोटा वाटणं तसं सोपं असतं, प्रमाण भागीदारीपत्रात लिहिलेलं असतं. पेच पडतो तो पुढे. तिघांतल्या एकाकडे आपला वाटा भरायला काहीच उरलेलं नसेल, तर तो वाटा कुणी भरायचा? वाणिज्य शाखेच्या मुलांना हे ‘भागीदाराची नादारी’ म्हणून शिकवतात, आणि परीक्षेत येईल या भीतीने मुलं ते पाठ करतात. मला मात्र तो धर्माचा प्रश्न वाटतो. ज्याला फेडता येत नाही त्याच्या ऋणाचं काय होतं? आणि ते माफ करायचा अधिकार कुणाला असतो?

एक भागीदारी सांगते. नावं घेत नाही. वयाप्रमाणे थोरले, मधले आणि धाकटे म्हणते. तिघांचं आपसांत नातं काही नव्हतं. थोरल्यांचं भांडवल ९ लाख, मधल्यांचं ३ लाख. धाकट्याने भांडवल घातलं नव्हतं, तो दुकानावर बसायचा, सौदे करायचा. वडलांच्या आजारपणात त्याने दुकानातून उचल केली होती, ती फिटली नव्हती. त्याच्या खात्यावर ६० हजार नावे होते. नफा-तोटा तिघांत सारखा. नादारीबद्दल पत्रात एक ओळ नव्हती. बहुतेक पत्रांत ती नसतेच. मुहूर्ताच्या दिवशी असलं अभद्र कोण बोलणार?

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं खोल कोठार. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, कारण आत हवा नसते. याच कारणाने पेव घाईने उघडता येत नाही. तोंड उघडून हवा खेळू द्यावी लागते; आधीच माणूस उतरला तर गुदमरतो. नदी चढत होती त्या रात्री धाकटा हमाल आणि ट्रॅक्टर घेऊन तिथे होता. जेवढी पेवं मोकळी करता आली तेवढी केली. वर काढलेल्या पोत्यांचे पुढे ४ लाख रुपये आले. बाकीच्या हळदीचा चिखल झाला. विमा नव्हता.

दुकान बंद करायचं ठरलं. व्यापाऱ्यांची, बँकेची देणी भागवून हातात ६ लाख रोख राहिले. भांडवलाचा ताळा ११ लाख ४० हजारांचा, म्हणजे तोटा ५ लाख ४० हजार. प्रत्येकी १ लाख ८० हजार. धाकट्याच्या नावे आता २ लाख ४० हजार झाले. त्याचं घर खासगी कर्जात गहाण पडलेलं, आणि भागीदारी कायद्याचं ४९ वं कलम सांगतं की भागीदाराच्या खासगी मालमत्तेवर पहिला हक्क त्याच्या खासगी सावकारांचा. त्यांचं भागून काही उरलं तर ते दुकानाच्या देण्याला. उरण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे २ लाख ४० हजारांचा खड्डा, आणि तो थोरले व मधले यांच्यातच भागवायचा.

निम्मा-निम्मा केला तर प्रत्येकी १ लाख २० हजार. मग थोरल्यांना ६ लाख मिळतात आणि मधल्यांच्या हाती शून्य येतं. ३ लाख घातलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जातो.

इथे लंडनचे न्यायमूर्ती जॉइस येतात. ‘गार्नर विरुद्ध मरे’ हा त्यांचा निवाडा १९०४ च्या निवाड्यांच्या खंडात छापला गेला. गार्नर, मरे आणि विल्किन्स यांचा नफा-तोटा सारखा होता, भांडवलं मात्र विषम. बाहेरची देणी भागल्यावर गार्नरचे २,५०० पौंड येणे, मरेचे ३१४ येणे आणि विल्किन्सच्या नावे उलट २६३ पौंड. शिल्लक रोकड १,९१६ पौंड, म्हणजे तोटा ६३५ पौंडांचा. विल्किन्स नादार. जॉइससाहेबांनी सांगितलं की ज्याने त्याने तोट्याचा आपापला तिसरा हिस्सा भरावा. विल्किन्सचा हिस्सा भरण्याची सक्ती दुसऱ्या कुणावर नाही. मग जमेल ती रक्कम भांडवलाच्या प्रमाणात वाटून घ्यावी. आपल्या १९३२ च्या कायद्यातलं ४८ वं कलम इंग्लंडच्या १८९० च्या कायद्यातल्या ४४ व्या कलमाच्या वळणाचंच आहे, म्हणून पत्रात काही ठरलेलं नसेल तर आपल्याकडेही हाच निवाडा लावतात.

आमच्या हिशेबात प्रमाण ९ ला ३. थोरल्यांवर १ लाख ८० हजार, मधल्यांवर ६० हजार. थोरल्यांच्या हाती ५ लाख ४० हजार, मधल्यांच्या हाती ६० हजार. ताळा बरोबर.

या निवाड्याबद्दल विद्यार्थ्यांना सांगतात की श्रीमंत भागीदाराने नादाराची तूट सोसायची असते. बारकाईने पाहिलं तर न्यायमूर्तींनी कुणालाच सोसायला सांगितलेलं नाही. ते एवढंच म्हणाले की विल्किन्सची जागा कुणी भरू नये. पातेल्यात कमी पडलं ते कमीच राहिलं, आणि ज्याचं त्यात जास्त होतं त्याचं जास्त गेलं. गार्नरने जास्त विश्वास टाकला म्हणून त्याचं जास्त बुडालं. नफा वाटताना या जास्तीच्या भांडवलाबद्दल त्याला एक पेनीही जास्त मिळत नव्हती. हे मला मनापासून पटत नाही. तरी यापेक्षा बरा नियम मला सुचलेला नाही, कारण निम्मा-निम्मा केलं की मधल्यासारखा माणूस चिरडतो.

आपल्या स्मृतिकारांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. मिळून धंदा करणाऱ्यांचं एक स्वतंत्र प्रकरण याज्ञवल्क्य आणि नारद या दोन्ही स्मृतींत आहे, ‘संभूयसमुत्थान’ नावाचं. व्यवहाराच्या अठरा पदांपैकी ते एक. नफा-तोटा भागाप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे, इथपर्यंत ते आणि आपण सारखेच. पुढे ते वागणुकीत शिरतात. मनाई असताना, न विचारता किंवा हलगर्जीने कुणी माल नासवला तर त्याने एकट्याने भरून द्यायचा. आणि संकटातून ज्याने माल वाचवला त्याला वाचवलेल्याचा दहावा हिस्सा द्यायचा.

हे वाचून मी थबकले, कारण आमच्या प्रकरणात माल वाचवणारा आणि नादार हा एकच माणूस होता. वर आलेल्या ४ लाखांच्या हळदीचा दहावा हिस्सा ४० हजार. स्मृतीप्रमाणे तो त्याचा. ४८ व्या कलमाला त्या रात्रीचं काहीच देणंघेणं नाही. कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी घरी झोपला, हे ते विचारत नाही. मला ताळेबंद कायद्याप्रमाणेच करायचा होता आणि मी तो तसाच केला. पण तो वाचून दाखवण्याआधी स्मृतीतला नियम मी दोघांच्या कानावर घातला.

थोरले दिगंबर जैन. पर्युषण नुकतंच उरकलं होतं, एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणण्याचे ते दिवस. त्यांच्या पत्नी आदल्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, “गेल्या जन्मीचं त्याचं आमच्याकडे येणं असंल, ते त्यानं नेलं.” हे मी फार घरांतून ऐकलंय, सगळ्या जातीधर्मांच्या. माझं त्याबद्दलचं मत कडक आहे. ताळा जमेना की तेवढी रक्कम दिवाणजी उचंत खात्यात टाकून देतो आणि वही मिटतो. पूर्वजन्माचा असा वापर म्हणजे उचंत खातं. त्याने घरच्यांचं समाधान होतं हे खरं, पण धाकटा त्यातून वाईट रीतीने सुटतो. त्याने घेतलं ते उसनं होतं, हे सांगण्याचा मानही त्याच्याकडे राहत नाही.

थोरले स्वतः पूर्वजन्मापर्यंत गेले नाहीत. ते म्हणाले, “ताई, आपण सोडून देऊ त्याचं. पोरगं रातभर पाण्यात हुतं.”

मी मधल्यांकडे पाहिलं. ते माळकरी. एकादशी चुकवायचे नाहीत, वारीला जायचे. मला वाटलं, हे तर आधीच सोडतील. ते म्हणाले, “आण्णा, तुमचं तुम्ही सोडा. माझे साठ हजार बुडाले ते बुडाले, मी काय त्याच्या दारात जाणार नाही. पण मी सोडलं असं लिहू नका.”

थोरल्यांना ते लागलं. “माळ घालून असं बोलतोस व्हय? तुकोबांनी कागद बुडवले की इंद्रायणीत.”

“बुडवले,” मधले म्हणाले, “त्यांच्या वाटणीचे. अर्धे कान्होबाला देऊन मग बुडवले. मी कान्होबा हाय, आण्णा.”

मी पेन खाली ठेवलं. तुकोबांची ही गोष्ट मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आले होते. तिचा हा अर्धा भाग इतक्या ठामपणे पुढे ठेवलेला मी तोवर ऐकला नव्हता.

गोष्ट महिपतीबुवांनी लिहिली आहे. देहूच्या या घरात महाजनकी आणि सावकारी पूर्वापार. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बसलं, दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे मन विठ्ठलाकडे वळलं तेव्हा लोकांकडून येणं असलेले कर्जरोखे त्यांनी इंद्रायणीत बुडवायला काढले. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की तुम्ही साधू झालात, माझ्यामागे संसार आहे. तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन भाग केले. एक कान्होबाच्या हाती दिला, दुसरा नदीत सोडला.

कीर्तनात नदी येते, टाळ्या होतात आणि कान्होबा राहून जातो. खरं तर त्या दिवशीची वाटणी हे क्षमेइतकंच मोठं कृत्य आहे. तुकोबा थोरले होते. घरातला कर्ता भाऊ सगळे कागद बुडवून मोकळा झाला असता तर गावाने त्यांना आणखी मोठं म्हटलं असतं. कान्होबाच्या मुलांच्या तोंडचा घास त्यात बुडाला असता, एवढंच. तुकोबा जन्माने व्यापारी होते, वाटणी कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्याच्या खात्यातून पुण्य काढलं नाही. आणि कान्होबा कोत्या मनाचा होता असं कुणी समजू नये. तुकोबा गेल्यावर याच भावाने केलेले शोकाचे अभंग गाथेच्या प्रतींत छापलेले असतात. ते वाचावेत, आणि मग ठरवावं की कागद ठेवून घेणाऱ्याच्या ठिकाणी भक्ती होती की नव्हती.

देहूच्याच जिल्ह्यातल्या सुप्याला मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. दख्खनचा उठाव म्हणून तो इतिहासात आहे. त्यातूनच १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. तिथला संताप मला समजतो; व्याजावर व्याज चढवणाऱ्या वह्या जळाल्या याचं मला दुःखही नाही. पण ती क्षमा नव्हती. ज्यांच्यावर ऋण होतं त्यांनी कागद जाळले, ज्यांचं येणं होतं त्यांनी नाही. धर्माच्या दृष्टीने नदी आणि जाळ यांच्यातला फरक हाच आहे, की हातातला कागद कुणाच्या मालकीचा होता.

मधल्यांनी आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिली, बहुधा नकळत. बुडणं आणि सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ताळेबंदात धाकट्याचं खातं शून्य करते. तूट दोघांच्या भांडवलात मुरते आणि वही मिटते. हिशेबात मावतं ते एवढंच. येणेकऱ्याने ‘सोडलं’ म्हटल्याशिवाय येणं सुटत नाही आणि देणेकऱ्याने दिल्याशिवाय देणं फिटत नाही. माझ्या शून्याने यातलं काहीच होत नाही. मोठ्या बँका हजारो कोटी ‘निर्लेखित’ करतात तेव्हा वर्तमानपत्रं ‘कर्जमाफी’ म्हणून मथळे देतात, आणि बँका खुलासे करतात की वसुली चालूच आहे. तांत्रिकदृष्ट्या बँकांचं बरोबर असतं. ज्यांच्या ठेवी आहेत त्यांनी काहीच सोडलेलं नसतं, त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

मग थोरल्यांनी आपल्यापुरतं काय करायचं ते ठरवलं. ते म्हणाले की दहाव्या हिश्श्याचे चाळीस हजार त्याचा हक्क म्हणून माझ्या एकट्याच्या अंगावर धरा, आणि माझ्या येण्यातले उरले ते क्षमा म्हणून. मी म्हटलं, वहीत दोन्हीचा परिणाम एकच होतो, तुमचे १ लाख ८० हजार गेले. ते म्हणाले, “वहीत हुईल एकच. त्याला सांगताना दोन सांगा.” त्यांनी स्वतंत्र कागदावर तसं लिहून सही केली. हा माणूस हे करू शकला, कारण त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं कर्ज नव्हतं. स्वतः देणेकरी असलेल्या माणसाने आपलं येणं सोडून दिलं तर तो आपल्या सावकारांचे पैसे वाटतो. नादारीच्या कायद्यात अशी देणगी न्यायालय रद्द करू शकतं, आणि मला तो कायदा धार्मिक वाटतो.

धाकटा हे सगळं ऐकायला नव्हता. त्याची पत्नी मागाहून माझ्याकडे आली, रुमालात पाटल्या बांधून. मधल्यांना द्या म्हणाली. मी त्या घेतल्या नाहीत. स्त्रीधनावर नवऱ्याच्या सावकाराचा हक्क चालत नाही. ते तिचं होतं आणि तिच्या वाट्याला तोटा कुणी लिहिलेला नव्हता. थोरल्यांना मधल्यांचे पैसे सोडता येत नाहीत, तसं नवऱ्याच्या देण्यात बायकोचं सोनं घालायचा मला अधिकार नव्हता. तिला राग आला. तिला वाटलं असावं, मी तिच्या घराण्याची लाज राखायची वाट अडवली.

काही वर्षांनी त्यांचा मुलगा आला. नोकरीला लागला होता. त्याने विचारलं, “बाबांचं देणं माझ्यावर येतं का?” त्याला मी सगळं सांगितलं. माणूस तीन ऋणं घेऊनच जन्मतो, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं, असं वेदकाळापासून आपण मानतो. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, असं हिंदू कायदा कालपर्यंत सांगत होता; त्यातही जुगाराचं, दारूचं कर्ज मुलावर येत नाही हे शास्त्रकारांनी शहाणपणाने वगळून ठेवलेलं. ज्या २००५ साली पूर आला, त्याच साली हिंदू वारसा कायद्याला दुरुस्ती झाली आणि पुढच्या कर्जांसाठी मुलगा, नातू, पणतू यांच्यावरची ही धार्मिक जबाबदारी न्यायालयांपुरती संपली. मुलीला जन्मसिद्ध वाटा देणारी म्हणून ती दुरुस्ती सगळ्यांना माहीत आहे, ही बाजू फार थोड्यांना. “म्हणजे येत नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या पगारावर तरी कायद्याने येत नाही, आणि थोरल्यांचं तर राहिलेलंच नाही. त्यांचा कागद माझ्याकडे आहे. मधल्यांचे ६० हजार बुडालेत, सोडलेले नाहीत. पुढचं त्याने मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याने दिले की नाही हे माझ्या वहीत येत नाही. ते दुकान केव्हाच बंद झालेलं आहे.

मधल्यांना बाजारात काही लोक अजून कंजूष माळकरी म्हणतात. ते अन्यायाचं आहे. ते धाकट्याच्या दारात गेले नाहीत, त्याला कोर्टात खेचलं नाही, बाजारात त्याचं नाव काढलं नाही. फक्त न दिलेली क्षमा त्यांनी दिली म्हणून सांगितली नाही. दुसऱ्याच्या पैशांवर दयाळू होणाऱ्यांपेक्षा मला असा माणूस धर्माच्या जवळचा वाटतो.

नव्याने भागीदारी करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पत्रात एक कलम घाला: आपल्यातला एकजण नादार झाला तर त्याची तूट बाकीच्यांनी कोणत्या प्रमाणात सोसायची, आणि संकटात माल वाचवणाऱ्याला काय द्यायचं. मुहूर्ताच्या दिवशी घालवत नसेल तर आदल्या दिवशी बसा. माफीचं कलम मात्र घालू नका. ते तिघांच्या सहीने होत नाही.